राउटरच्या नावात बसलेली देवी

विक्रोळीत शिवदासशेठच्या इंटरनेट ऑफिसबाहेर चपलांचा खच पडला होता. कुठल्या इमारतीचं नेट चालू, कुठलं बंद, एवढंच एरवी दाखवणाऱ्या भिंतीवरच्या स्क्रीनवर लालभडक अक्षरं उमटत होती: 'विटाळ झाला! शांती करा!' लोक हात जोडून उभे होते. कुणीतरी नारळही आणला होता.

"अपवित्र बाईचा हात लागलाय," शेठनी बोलावलेल्या तरंगमहाराजांनी डोळे मिटून निदान केलं. महाराजांना म्हणे वायफायच्या लहरींत देवी दिसायची. वाकोल्याच्या मठाला नेट मात्र शेठचंच लागायचं. "चार दिवस पाळत नाही ती. आधी तिला काढा, मग अकरा दिवसांचा होम."

ऑफिसात बाई एकच, अक्षता. सात वर्षांची नोकरी चार रंगीत अक्षरांपायी जाणार, या विचाराने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"शेठ, एक तास द्या. मग खुशाल काढा."

"अगं, पण सर्व्हरला हात नको लावूस ना!" शेठ कळवळले.

खरी मेख इथेच होती. दसऱ्याला शेठनी सर्व्हरला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि फर्मान काढलं: पूजलेल्या मशीनला कुणी हात लावायचा नाही. त्या सर्व्हरवरचं, भिंतीवरची स्क्रीन चालवणारं सॉफ्टवेअर फुकटचं, सगळ्यांसाठी खुलं. त्यातली एक चूक ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी कधीच दुरुस्त करून जाहीरही केली होती. नवी आवृत्ती टाकू या, असं अक्षता चारदा म्हणाली. माळ वाळून गेली, परवानगी काही मिळाली नाही.

अक्षताने ग्राहकांच्या राउटरांची यादी उघडली. बाकीची नावं साधी, एकाचं मात्र पाच ओळींचं.

"शेठ, ग्राहक आपल्या राउटरला हवं ते नाव देतो आणि ते इथे दिसतं. याने नावाच्या जागी हुकूम लिहिलाय, लाल अक्षरांत अमुक दाखव म्हणून. आपलं जुनं सॉफ्टवेअर नाव तपासत नाही, तसंच स्क्रीनवरच्या पानावर टाकतं. पान दाखवणारा ब्राउझर तो हुकूम पाळतो, बस."

"राउटर कुणाचा?"

"पत्ता वाचा ना. तरंगमठ, वाकोला."

महाराजांचे डोळे खाडकन उघडले. "देवीची लीला आहे ती!"

"मग माझीही बघा," म्हणत अक्षताने ऑफिसातल्या सुट्या राउटरचं नाव बदललं. भिंतीवर हिरवी अक्षरं झळकली: 'महाराज, घरी जा!' हशा पिकला. महाराज निघाले, पण त्या खचात त्यांना चपला सापडेनात.

"टाक बाई ती नवी आवृत्ती," शेठ ओशाळून म्हणाले.

"आधी सगळ्यांसमोर सांगा. विटाळ कुठे होता?"

शेठनी मान खाली घातली. "माझ्या डोक्यात."

अक्षताने वाळकी माळ काढली आणि ती कामाला लागली. मशीनला फुलं वाहायची तर वाहा, पण तिची दुरुस्ती वेळेवर करा. आणि भिंतीवर अक्षरं उमटली, तर बाईकडे बोट दाखवण्याआधी ती लिहिली कुणी, एवढं विचारा.