बॅटरीचे नाक

मी एक जुनी जाळी आहे. तळहाताएवढी, काळी, प्लास्टिकची. पेट्रोल आणि वीज अशा दोन्हींवर चालणाऱ्या एका गाडीत, मागच्या सीटच्या कडेला मला बसवले आहे. मित्रांनो, मी रागावूनच बोलणार आहे. चार वर्षे जिचा श्वास कोंडला, तिच्याकडून गोड शब्द मागू नका.

सीटखाली गाडीची मोठी बॅटरी असते. काम करताना ती तापते. एक छोटा पंखा माझ्यातून गार हवा ओढतो आणि तिच्यावरून फिरवतो. मी बॅटरीचे नाकच म्हणा ना. कारखान्यात मला बसवणाऱ्या बाईने बोटाने दोनदा चाचपून पाहिले होते. तेवढीच माझी विचारपूस.

गाडी घेतली एका सुईणबाईंनी. बाई कामाला वाघ. टेकडीवरच्या वस्तीत कुणाचे दिवस भरले की त्या हजर. पण त्यांची दुलई, टॉवेलांचा गठ्ठा, कापसाची पिशवी, सगळे माझ्या अंगावर. कापसाचे तंतू आत जाऊन पंख्याला चिकटले. पंखा घरघरू लागला. बाईंनी रेडिओचा आवाज वाढवला.

शेवटी एका दुपारी चढावर लाल दिवा लागला आणि गाडीचा जोरच गेला. बाई पिशवी घेऊन धापा टाकत वर गेल्या. बाळ त्यांच्याआधीच आले होते. शेजारणीने निभावून नेले म्हणून मायलेक सुखरूप राहिली.

गॅरेजमधल्या मिस्त्रीला सगळे कौतुकाने डॉक्टर म्हणत. त्याने तपासणीचे यंत्र जोडले. पडद्यावर ‘बॅटरी तापली’ असे उमटले आणि पाच मिनिटांत निकाल लागला: बॅटरी गेली, नवी घाला. अहो, तापली म्हणजे गेली? का तापली, हे कुणी विचारायचे? मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होते. त्याने हातातले पाने दुलईवर, म्हणजे माझ्याच डोक्यावर ठेवले.

नवी बॅटरी यायला महिना लागणार होता. वस्तीत तिघींचे दिवस भरत आले होते. बाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाल्या, “डॉक्टर, बाळ निळं पडलं तर मी आधी नाक बघते. हिचं नाक कुठंय?”

“बॅटरीला कसलं नाक, मावशी?”

“तापते म्हणालास ना? मग गार वारा कुठून घेते?”

त्याने गाडीचे पुस्तक काढले. बरीच पाने उलटली. मग मान वर न करता म्हणाला, “मावशी, ती दुलई जरा उचला.”

पंखा चालू करून त्याने माझ्यावर कागदाचा कपटा धरला. तो मला चिकटायला हवा होता. तो खाली पडला. मग वीज तोडून पंखा काढला, तर आत मूठभर कापूस. सगळे साफ करून दोघे चढावर फेरी मारून आले. यंत्रावरचा तापाचा आकडा वर गेलाच नाही.

बाईंनी माझ्यावरून हात फिरवला. मला तो नको होता. बॅटरी वाचली, पण इतक्या वर्षांच्या तापाने तिची ताकद कायमची घटली आहे. चढावर ती दमते, आणि ते मला रोज ऐकावे लागते.

मित्रांनो, अशा गाडीत बसलात तर सीटच्या कडेला पाहा. जाळी दिसली तर तिच्यावरचे दप्तर उचला. आणि एखादी वस्तू मेली असे कुणी उभ्या उभ्या सांगितले, तर त्याला आधी खाली वाकायला लावा. कंबर दुखली तर दुखू दे.