डिंपलचं वजन

भैय्याजींच्या गळ्यात शिट्टी होती, पण डोक्यात काही असल्याचा पुरावा रीता मॅडमना आजवर मिळाला नव्हता. मोहाडीच्या शाळेत डिंपलला कबड्डीचा दम धरायला, रेषेपार पाय टाकून बोनसचा गुण काढायला शिकवलं ते मॅडमनी. पोरगी चमकायला लागताच साकोलीच्या एका क्लबचे हे महाशय तिला आयती उचलून "माझी खेळाडू" म्हणत फोटो काढत सुटले. फोटोत मधोमध तेच.

आज साकोलीला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. आधी वजन, मग खेळ. डिंपल आपल्या वजनगटापेक्षा जराशी जड भरत होती. म्हणून भैय्याजींनी कालपासून तिचं अन्नपाणी तोडलं होतं, आणि आता भर उन्हात दोन स्वेटर घालून तिला मैदानाभोवती पळवत होते. स्वतः मांडवात लस्सी पीत बसले होते. मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"थुक बेटा, थुक! थुकलं का वजन उतरते!" भैय्याजी ओरडले.

"कोनं शिकवलं जी तुमाले हे?" मॅडमनी विचारलं.

"अनुभव हाय मॅडम. तुमी आपली शाळा पाहा."

अनुभव! बैल हाकायचा असेल. नाही, बैलालाही लोक पाणी दाखवतात.

डिंपल वजनकाट्यापाशी आली तेव्हा तिचे ओठ फुटले होते. मॅडमनी बाटली पुढे केली. "पी. निवड गेली त गेली. पुढच्या साली वरच्या गटात खेळवतो तुले."

"पानी पेलीस त जिल्ह्याची जर्सी विसरून जाय!" भैय्याजी गरजले.

त्या जर्सीसाठी पोरगी वर्षभर पहाटे उठली होती. तिने दोघांकडे पाहिलं. मग स्वेटर ओढून काढले आणि बाटली घटाघटा रिकामी केली.

"मी का मासोळी आहो जी, मले वाळवून राहिले?"

काट्याने तिला बाद केलं. भैय्याजींनी तिच्याकडे ढुंकूनही न पाहता दुसरीच्या खांद्यावर हात ठेवला. "ही माझी खेळाडू," ते पंचांना म्हणाले. लाज नावाची वस्तू त्यांच्या घरी कधी आलीच नसावी.

तेवढ्यात डिंपलचे वडील गोमाजी एसटीतून उतरून डबा घेऊन पोचले. "झाला का खेळ?"

डिंपलने त्यांच्या हातून डबा घेतला आणि झाडाखाली बसून उघडला. भात होता, लाखोरीच्या डाळीचं वरण होतं. पहिल्याच घासाला ती हमसून रडायला लागली. गोमाजी घाबरून पुढे सरसावले.

"रडू द्या जी," मॅडम म्हणाल्या.

डिंपल रडत राहिली, पण तिचा हात काही थांबला नाही.