दारवाली

"केबल तुटली नाही, तोडली," चष्मेवाला म्हणाला. "रस्ता खणणाऱ्या यंत्राने. ड्रायव्हरला वाटलं, झाडाचं मूळ आहे."

"आणि आला आमच्या मुळावर," ती म्हणाली.

समोरच्या पडद्यावरून मोठ्या शहराकडे जाणारी जाड हिरवी रेघ नाहीशी झाली होती. उरली होती टेकड्यांवरच्या जुन्या मनोऱ्यांची बारीकशी वाट. फोनची सगळी वाहतूक तिच्यावरून सोडायची म्हणजे घरभर पाहुण्यांना एका चादरीत झोपवण्यातला प्रकार.

तिचं काम नेमकं अशा वेळचं. किती कॉल आत घ्यायचे ते ती ठरवायची, म्हणून खोलीत तिला सगळे दारवाली म्हणायचे. नियम बसच्या कंडक्टरचा. जागा संपली की स्टॉपवरच्याला घ्यायचं नाही, पण चढलेल्याला मध्येच उतरवायचंही नाही. दयाबुद्धीने सगळ्यांना आत कोंबलं, तर कोणाचंच बोलणं कोणाला धड ऐकू येत नाही. थोडी जागा रुग्णवाहिका आणि अग्निशमनवाल्यांसाठी राखायची, आणि बाकीच्यांना 'या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत' हे ऐकवायचं. ते सांगणाऱ्या गोड आवाजाला आजवर जेवढ्या शिव्या बसल्या, त्या खरं तर हिच्या वाट्याच्या.

पण आज दार ओढून घेण्याआधी तिने घरी फोन केला होता.

"आई, दादाला आत्ताच्या आत्ता लाव. आणि लागला की ठेवू नकोस. ठेवलास तर परत लागायचा नाही. चालू फोन आम्ही तोडत नाही, कळलं?"

"कळलं गं. बहिरी नाहीये मी, लंगडी आहे."

आईचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. बाबा मोठ्या शहरातल्या इस्पितळात होते आणि दादा त्यांच्या उशाशी. डॉक्टरांनी आदल्या दिवशी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता फार काळ नाही. हिची रजा उद्यापासून होती, कारण बदलीचा माणूस उद्या येणार होता. आजारपण काही रजेचा अर्ज बघून वाढत नाही.

दुपारी टेबलावरचा फोन वाजला. गावातल्या गावात फोन व्यवस्थित लागत होते. खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या.

"अगं, तुझ्या आईला काहीतरी सांग. सकाळपासून फोन कानाला लावून बसलीय. ताट नेलं तर हाताने नको म्हणाली."

"बोलतायत का बाबा?"

"ते कसले बोलतायत! दादाने फोन त्यांच्या कानाशी ठेवलाय म्हणे. ही नुसती त्यांचा श्वास ऐकतेय."

तिने "असू दे, काकू" म्हटलं आणि फोन ठेवला. मग पडद्याकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. आत घेतलेले कॉल संपतच नव्हते. एरवी लोक दोन-तीन मिनिटं बोलून ठेवतात, जागा होते, दुसरा आत येतो. आज जो आत आला तो बूड हलवायला तयार नव्हता. चष्मेवाल्याने बायकोला हेच सांगितलं होतं, बायकोने माहेरी कळवलं होतं, आणि ज्यांना कोणी सांगितलं नव्हतं त्यांना त्या गोड आवाजाने शिकवलं होतं. ही अक्कल तिला एकटीलाच थोडीच होती!

साहेब मागे येऊन उभे राहिले. सकाळपासून त्यांना वरून फोनवर फोन येत होते.

"एवढा वेळ काय बोलतायत लोक?"

"बोलत नसतील, साहेब. धरून ठेवला असेल."

"मग दहा मिनिटांवरचे सगळे तोडा. हजारो लोक बाहेर ताटकळलेत. त्यांचंही कोणी आजारी असेल की!"

साहेब चुकीचं बोलले असते तर बरं झालं असतं. तिला भांडता तरी आलं असतं.

ते गेल्यावर चष्मेवाला खुर्ची सरकवत जवळ आला. "तुझ्या घरचा नंबर रुग्णवाहिकेच्या वर्गात टाक. त्यांना मर्यादा लागत नाही. कोण बघतंय?"

तिने टाकला. आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडून. पडद्याने तो मुकाट्याने घेतला आणि खाली एक ओळ दाखवली: पुढील कॉलपासून लागू.

"अरे हो," चष्मेवाला म्हणाला. "वर्ग आत येतानाच ठरतो."

चालू कॉलला वर्ग बदलून द्यायचा तर आधी तो तोडायला हवा होता. आणि तोडून परत लावायचा, तर हा वर्ग इथल्या दारापुरताच; दादाच्या बाजूचं दार तिच्या हातात नव्हतं, आणि तिथे दर मिनिटाला शंभरजण ठोठावत होते.

तिने घरी लावला. अर्थातच एंगेज. मग काकूंना लावला.

"काकू, वर जा आणि आईला सांगा, फोन तुटणार आहे. काय बोलायचं ते बोलून घे म्हणावं."

"बाई गं! थांब, गॅस बंद करते. गुडघा मेला आजच धरलाय…"

"झालं का हो?" दारातून साहेबांनी विचारलं.

"होतंय, साहेब."

तिने काकूंचे जिने मनातल्या मनात चढून पाहिले. एक वळण, दुसरं वळण, कठड्याला धरून घेतलेला दम. साहेब येऊन शेजारी उभे राहिले, तेव्हा तिने बटण दाबलं.

रेघ क्षणभर रिकामी झाली आणि लगेच भरली. कोणाकोणाचे फोन लागले असतील. दादाचा लागला नाही, आईचाही नाही.

संध्याकाळी केबल जोडली गेली. जाड हिरवी रेघ काही झालंच नाही अशी परत आली, आणि टेबलावरचा फोन वाजला.

"बाबा गेले," दादा म्हणाला. "दुपारीच. आईचा फोन मध्येच तुटला गं. मी लावत राहिलो, तुलाही लावला. लागेचना."

"हो," ती म्हणाली. "लाइन्स भरल्या होत्या."

घरी आली तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती, पाय लोडावर. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. तिला पाहून काकू उठल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

"आई, काकू वेळेत आल्या का?"

"आली. धापा टाकत म्हणाली, बोला आता. इतके तास नुसतं ऐकण्यात गेले बघ. मी आपलं सुरू केलं, आणि निम्म्यात तुटला."

ती आईच्या पायाशी बसली. फोन मी तोडला, हे वाक्य तिने जिभेवर आणलं. आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिथेच ठेवलं.

"मग?"

"मग काय! पुरं केलं बोलणं. पलीकडे कोणी नाही, एवढं कळत होतं मला. पण निम्मं तोंडात धरून कशी बसणार?"

"काय म्हणालीस बाबांना?"

"ते त्यांच्यासाठी होतं," आई म्हणाली. "तू माझा पाय जरा नीट कर. मुंग्या आल्यात."

ती लोड सरकवत असतानाच फोन वाजला. तिने हात पुढे केला, पण आईने तो बाजूला सारला, पदर सारखा केला आणि रिसीव्हर उचलला.

"हॅलो. हो, मीच बोलतेय. खरं आहे. ऐकलंत ते खरं आहे."

तो ठेवला तोच दुसरा आला, मग तिसरा. आता सगळ्यांचेच लागत होते.