न फाटलेलं तिकीट

मी पत्त्यांच्या गड्डीवरचं कराचं तिकीट बोलतोय. पोस्टाच्या तिकिटाशी माझं नातं लावू नका. ते थुंकी लावून घेतं आणि गावोगाव हिंडतं. मी एका जागी चिकटतो आणि हटत नाही.

अमेरिकेत पूर्वी पत्त्यांच्या गड्डीवर कर होता. तो भरल्याची खूण म्हणून मला, एका निळ्या चिटोऱ्याला, गड्डीच्या तोंडावर डकवलं. गड्डी उघडायची तर मला फाडावंच लागणार. म्हणजे माझ्या कपाळी फाटणंच लिहिलेलं. पासष्ट साली तिकडे तो कर उठला. मी त्याआधीच मशिनं विकणाऱ्या एका साहेबाच्या बॅगेतून शिंदखेड्याच्या कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, येऊन पडलो होतो.

जिनाचे मालक हस्तीमलशेठ, धुळ्याचे. साहेबाने गड्डी त्यांना भेट दिली. शेठ जैन; जुगार म्हणजे सात व्यसनांतलं पहिलं. त्यांनी मला घराचा उंबरा दाखवलाच नाही. "कोणाला हवी त्याने न्या," म्हणत गड्डी ऑफिसच्या टेबलावर ठेवली. आखाजी तोंडावर आली होती. गड्डी कोण उचलणार हे सगळ्या जिनाला ठाऊक होतं, आणि भाईदास फिटरने ती उचलली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात आणि बाप्ये पत्ते कुटत बसतात. वर्षभर पत्त्यांना न शिवणाराही त्या दिवशी बसतो, कोणी नावं ठेवत नाही. भाईदासला मात्र एक दिवस पुरत नसे.

त्या वर्षी तो जुन्या मळक्या गड्डीने खेळला. मला नशीब पालटायला दुसऱ्या दिवसासाठी खिशात राखून ठेवलं होतं. खिशातून मी सगळं ऐकत होतो. आधी घड्याळ गेलं, मग सायकल, आणि शेवटी बायकोचं शिलाई मशीन.

सकाळी, जिंकलेला लोटन दोन माणसं घेऊन मशीन न्यायला आला. भाईदासची बायको सुनंदाबाई पोलकं शिवत होती. तिने दोरा तोडला, पोलकं सुईखालून काढलं आणि बाजूला झाली. भांडली असती तर भाईदास सुटला असता.

मशीन गेल्यावर त्याने मला बाहेर काढलं. नव्या गड्डीने ते परत जिंकायचं त्याच्या मनात होतं. त्याचं नख माझ्या कडेखाली शिरलं. तेवढ्यात सुनंदाबाई ते अर्धं पोलकं हाताने शिवायला दारात बसली. भाईदास बघत राहिला. मग त्याने नख काढलं.

"हाई तिकीट फाटनं ते समज, भाईदास मरना," अशी त्याने बायकोजवळ शपथ घेतली, आणि मशीनच्या रिकाम्या जागेवरच्या कोनाड्यात त्याने गड्डी ठेवली.

तेव्हापासून मी पहाऱ्यावर आहे. दुकानात दुसऱ्या गड्ड्या ढिगाने मिळतात, हे मला कळतं. तरी दर आखाजीला लोटन दारातून हाक मारतो, "एक डाव ते खेय ना, भाऊ," आणि भाईदास आधी माझ्याकडे बघतो. मग हात मांडीखाली दाबून घरातच बसतो. एवढ्याशा कागदाने आणखी काय करावं?

माझा खरा वैरी आला तो गोड बोलत. हस्तीमलशेठचा मुलगा अभयकुमार. त्याला पत्त्यांवरच्या कराची तिकिटं जमवायचा नाद. पत्ते नव्हेत, नुसती तिकिटं. "जुगार नको, त्याची पावती हवी," म्हणून शेठ त्याची थट्टा करत. त्याच्या अल्बममध्ये देशोदेशीची तिकिटं होती, झाडून सगळी फाटलेली. अख्खं एकही नाही. एकाहत्तरच्या आखाजीला तो भाईदासच्या दारात उतरला, टांग्यात कोरं शिलाई मशीन घालून.

"भाईदासभाऊ, ओलं फडकं ठेवतो, तिकीट अलगद सुटेल. गड्डी तुमच्याकडेच राहू द्या. मशीन अक्कांना."

भाईदासने गड्डी पुढे केली. मी त्याला दोष देत नाही. इतकी वर्षं तो बायकोची सुई टोचलेली बोटं बघत होता. पण मला राग आला, तो माणसांच्या हिशेबाचा. राखण करणाऱ्याला सोडवून न्यायचं आणि त्याला कौतुक म्हणायचं. ओलं फडकं अगदी जवळ आलं.

सुनंदाबाईने माझ्यावर हात ठेवला.

"मशीन ते मी कमाईसन लिसू, शेठ. पन हाई तिकीट कोठून आनसू?"

टांगा मशीनसकट परत गेला. पुढे तिने मशीन घेतलंच, स्वतःच्या कमाईचं. आता ते माझ्या खालीच खडखडत असतं.

हे अठ्ठ्याहत्तर साल. आज आखाजी. उन्हाने माझा डिंक सुकला आणि सकाळी एक कोपरा उचकटला. भाईदास घाबरला, हात लावेना. सुनंदाबाईने कणकेची खळ केली, बोटाने लावली आणि मला दाबून बसवलं. नेमका तेव्हाच अभयकुमार आला; तो दरवर्षी मला बघायला येतो.

"अक्का, हे काय केलंत?" तो कळवळला. "खळीचा डाग पडला, आता याला संग्रहात काडीची किंमत नाही."

"बरं व्हयनं," ती म्हणाली, आणि तिने दुसऱ्या कोपऱ्यालाही खळ लावली.

अभयकुमारच्या अल्बममध्ये माझ्यासाठी एक चौकोन आखून ठेवलाय म्हणे. तो रिकामाच राहू द्या, शेठ. बाहेर लोटनची हाक आली आहे, भाईदास कोनाड्याकडे बघतोय, आणि मी कामावर आहे.