झगा अंगावर असेपर्यंत

त्या दिवशी विदूषक दरबारात आला तो दातओठ खातच. पण तो रागावलेला दिसला की लोकांना जास्तच मजा यायची. सगळी हयात माणसं हसवण्यात गेलेली. आता त्याच्या डोळ्यांतून आग बाहेर पडली असती, तरी लोकांनी तिला नवी नक्कल म्हणून दाद दिली असती.

रागाचं कारण सकाळीच घडलं होतं. दरबाराच्या दारातून सेनापती आणि दिवाण एकाच वेळी आत घुसले. दोघंही अंगापिंडानं भरलेले, आणि दार जेमतेम एका माणसाचं. सेनापतींच्या तलवारीची मूठ दिवाणांच्या कमरपट्ट्यात अडकली आणि दोघं चौकटीत बुचासारखे घट्ट बसले. मागून शिपायांनी खांदा लावला तेव्हा कुठे आत आले, तेही महाराजांच्या पायाशी आडवे. उठले आणि एकमेकांना नाही नाही ते बोलले.

भर दरबारात शिवीगाळ केली की वेताचे फटके, बोलणारा मग कितीही मोठा असो. ज्याला शिवी दिली त्यानं माफ केलं तर शिक्षा टळायची. पण माफ करण्याइतका लहान माणूस त्या दरबारात कुणी नव्हता.

आता सेनापतींच्या पाठीवर वेत ओढायचा तरी कुणी? यावर दरबारानं फार पूर्वीच तोड काढून ठेवली होती. गुन्हा मोठ्याचा असला की त्याचा एखादा नोकर बोलवायचा. त्याच्या अंगावर मालकाचा जरीचा दरबारी झगा चढवायचा. झगा अंगावर असेपर्यंत हा नोकर म्हणजेच मालक, असं चोपदारानं खड्या आवाजात पुकारायचं. मग झगा अलगद कमरेपर्यंत खाली सरकवायचा, कारण जरीला फटका लागता कामा नये, आणि उघड्या पाठीवर वेत ओढायचे. कायदा पाळला जायचा आणि मोठ्यांच्या पाठीला ओरखडाही यायचा नाही. या रिवाजाचं दरबाराला भारी कौतुक होतं.

सेनापतींनी नेहमीप्रमाणे आपला गाडीवान पुढे केला. हा गाडीवान विदूषकाचा जावई. मागे सेनापतींनी खजिनदारांना शिवी दिली होती, तेव्हाही याचीच पाठ फुटली होती. त्या जखमा अजून ओल्या होत्या. वैद्यानं विदूषकाला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं होतं, "पुन्हा मार बसला तर हा उठायचा नाही. पोरीला सांगू नका, पण तुम्ही ध्यानात ठेवा."

पोरीला कुणी सांगायची गरजच नव्हती. नवऱ्याच्या पाठीला रोज औषध तीच लावत होती. मघाशी दरवाज्यापाशी तिनं बापाचा हात धरला. "बाबा, महाराज तुमचं ऐकतात ना?"

"ऐकतात गं. हसत हसत ऐकतात."

आत येऊन तो सरळ महाराजांसमोर उभा राहिला. "महाराज, हा अन्याय आहे."

दरबारात खसखस पिकली.

"काय चेहरा केलाय!" महाराज म्हणाले. "अगदी खरा वाटतो."

"खराच आहे. शिवी यांच्या तोंडातून आली. मग फटके त्याच्या पाठीवर का?"

"अहो, तोंडावर मारायला जागा कमी पडते!" कुणीतरी मागून ओरडलं, आणि सगळे खो खो हसत सुटले.

विदूषकाच्या कानशिलाच्या शिरा ताडताड उडू लागल्या. या लोकांसमोर छाती फोडून दाखवली असती, तरी त्यांनी टाळ्याच पिटल्या असत्या.

तेवढ्यात गाडीवानाला आणलं. सोबत दिवाणांनी पुढे केलेला त्यांचा छत्रीवाला. दोघांना झगे चढवले. जड जरीचा काठ पाठीला घासला तसा गाडीवान कळवळला.

"सांभाळून रे!" सेनापती म्हणाले. "अस्तराला डाग पडतील."

ते ऐकलं आणि विदूषकाचं डोकं एकदम थंड झालं. राग गेला नव्हता, पण आता त्याला बूड मिळालं होतं.

चोपदारानं पुकारलं, "झगा अंगावर असेपर्यंत हे सेनापती! झगा अंगावर असेपर्यंत हे दिवाण!"

विदूषक जावयासमोर कमरेत वाकला. "सेनापतीसाहेब, मुजरा!"

दरबार पुन्हा हसला. गाडीवान गोंधळला. "मामा, काय करताय हे?"

"सासरा घरी. इथे तुम्ही सेनापती, आत्ताच सगळ्यांनी ऐकलं. तर साहेब, दारातून आधी कुणी जायचं यावरून तुमचं या दिवाणसाहेबांशी भांडण आहे म्हणे. तुमचं म्हणणं काय?"

"माझं कसलं म्हणणं? समोरून गाडी आली की मी आपली बाजूला घेतो. जाऊ देत की त्यांना आधी."

"अहो छे!" छत्रीवाला घाईनं म्हणाला. "माझा जन्म दुसऱ्याच्या मागे चालण्यात गेला. पुढे गेलो तर मला वाटच सुधरायची नाही. तुम्हीच व्हा पुढे."

"मग असं करू, आज तुम्ही, उद्या मी."

"चालेल की."

"आणि त्या शिव्या?" विदूषकानं विचारलं.

"मी केल्या माफ," गाडीवान म्हणाला.

"मी पण. सोडा हो, त्यात काय एवढं."

छत्रीवाल्यानं गाडीवानाला मिठी मारली. पाठीला हात लागू न देता, जपून.

विदूषक महाराजांकडे वळला. "भांडण मिटलं. दोघांनी एकमेकांना माफ केलं. आता शिक्षा कसली?"

सेनापती उसळले. "मी कुठे माफ केलं? हा माझा गाडीवान आहे, गाडीवान!"

"मग झगा परत घ्या ना," विदूषक शांतपणे म्हणाला. "अंगावर चढवा, सेनापती व्हा आणि खुशाल सांगा, माफ केलं नाही म्हणून. वेतवाला उभाच आहे."

झग्याकडे गेलेला सेनापतींचा हात वाटेतच थांबला. दिवाणांना छताची नक्षी फारच आवडू लागली.

महाराजांना हसू आवरेना. "वा रे पठ्ठ्या! शिक्षा माफ! माग काय हवं ते."

"हा रिवाज बंद करा."

"आता पुरे हं, पोट दुखायला लागलं!"

"महाराज, मी विनोद करत नाहीये."

यावर तर हसण्याचा डोंबच उसळला. त्या गोंगाटात सेनापती महाराजांच्या कानाशी लागले. महाराजांनी मान हलवली आणि डोळे पुसत हुकूम सोडला, "पुढच्या वेळेपासून झगा घातलेल्या नोकरानं तोंड उघडायचं नाही. नसती भानगड नको. पण आजची करमणूक झकास झाली! आणखी एक होऊन जाऊ दे."

विदूषकानं जावयाच्या अंगावरचा झगा हळूच सोडवला. अस्तर दोन-तीन ठिकाणी लालसर झालं होतं. त्यानं तो झगा तसाच, अस्तर वर करून, महाराजांच्या पायाशी पसरला.

सगळे वाट पाहू लागले. तो काही बोलेना. आधी त्याच्या गप्प राहण्यालाही ते हसले. मग हसणं विरळ होत गेलं. कुणी खाकरलं, कुणी दुसरीकडे पाहिलं.

"अरे, बोल ना काहीतरी," महाराज म्हणाले.

"ज्यांना मार बसतो त्यांनी बोलायचं नाही," विदूषक म्हणाला, "तर मग मीही बोलणार नाही. हसायचं असेल तर या डागांना हसा."

महाराजांच्या तोंडावर हसू अर्धवट आलं होतं. ते पुढेही सरेना आणि मागेही जाईना. विदूषकानं गाडीवानाचा दंड धरला आणि तो दाराकडे चालू लागला.

"उद्या येशील ना?" मागून महाराजांनी विचारलं. आवाजात हुकूम नव्हता.

त्यानं वळून पाहिलं नाही. बाहेर मुलगी धावत आली, तिनं आधी नवऱ्याची पाठ पाहिली आणि मग मटकन पायरीवर बसली.

"चल, ऊठ," विदूषक तिला म्हणाला. "घरी जाऊन याला औषध लाव. आणि कुणी मला न्यायला आलं तर सांग, रिवाज बंद झाला का ते आधी विचारून या."