परवान्याने मिटलेले डोळे

मित्रांनो, गाडी चालवण्याचा परवाना तुम्ही पाहिला असेल. घरोघरी त्याला लायसन म्हणतात. मी तसलाच एक आहे, फक्त फार जुना. माझे कोपरे झिजलेत आणि वरचं प्लास्टिक एका बाजूने सुटत आलंय. सध्या मी एका कपाटाच्या खणात पडून असतो. खण बंद असतो, आत अंधार असतो, तरी मला दिसतं. ते कसं, हेच सांगायला बसलोय. जवळ सरका, पण माझ्यावरच्या फोटोकडे फार वेळ टक लावून बघू नका.

माझा जन्म एका कचेरीच्या मागच्या खोलीत झाला. दोन गरम रुळांमधून मी चपटा होऊन बाहेर पडलो. त्याआधी फोटोवाल्याने समोरच्या माणसाला सांगितलं होतं, हलू नका, डोळे मिटू नका. तो माणूस फोटो निघताच ते विसरून गेला. मी विसरलो नाही.

तो माणूस शाळेची व्हॅन चालवायचा. मुलं त्याला व्हॅनकाका म्हणायची, तर आपणही तेच म्हणू. काळीभोर मिशी, डावीकडे पाडलेला भांग, आणि डोळे असे, की लांबच्या वळणावर उभं राहिलेलं मूल त्यांना दप्तरावरून ओळखू यायचं. पोलिसाने व्हॅन अडवली की काका मला पुढे करायचे. पोलीस एकदा मला बघायचा, एकदा त्यांना, आणि म्हणायचा, "अगदी तसेच आहात की." हे कौतुक आम्हा दोघांच्याही डोक्यात गेलं.

वर्षं गेली. मी तसाच राहिलो, काका बदलत गेले. मग त्यांच्या मनाने असं घेतलं, की माणूस लायसनसारखा दिसला नाही तर लायसन जाणार. ते मिशीला कलप लावू लागले. भांग माझ्याकडे बघून पाडू लागले. पुढे चष्मा लागला, पण फोटोत चष्मा नाही म्हणून व्हॅनमध्ये बसताना तो खिशात जायचा. काकू त्यांना टोमणे मारायच्या, की लायसनसारखं दिसायचं म्हणून कुणी आंधळं होतं का? काका हसून म्हणायचे, पोलीस चष्मा ओळखत नाही, तोंड ओळखतो.

एके दिवशी, मी हाताशी असावा म्हणून, त्यांनी मला समोरच्या काचेच्या कोपऱ्यात खोचलं. तोंड रस्त्याकडे. त्या दिवशी व्हॅन बऱ्याच महिन्यांनी सरळ चालली. का, ते काकांना कळलं नाही. मला कळलं. त्यांना जे दिसेनासं होत होतं, ते माझ्यात साठत होतं. आता रस्ता मी बघत होतो आणि सुकाणू त्यांच्या हातात होतं. तेव्हापासून मला बोटाने चाचपल्याशिवाय त्यांनी कधी व्हॅन सुरू केली नाही.

पण मित्रांनो, मला दिसत होता तो माझ्या जन्माच्या दिवशीचा रस्ता. पाण्याच्या टाकीपाशी तेव्हा झाडांची रांग होती. रस्ता रुंद करताना ती कधीच तोडली गेली. माझ्या डोळ्यांत मात्र ती उभीच होती, आणि तिचं पानही हलत नव्हतं. काका रोज त्या झाडांना वळसा घालायचे. मुलं एकमेकांवर कलंडायची, हसायची. काका सांगायचे, खड्डा होता. पुढच्या सीटवर बसणाऱ्या एका मुलीने एकदा हळूच विचारलं, "काका, तुम्ही रोज तिथेच का वळता? तिथे कोण उभं असतं?"

काकांनी नुसतं मला बोटाने चाचपलं. त्या दिवशी व्हॅनमध्ये परत कुणी हसलं नाही.

जे जुनं होतं ते मला दिसायचं आणि जे नंतर आलं ते दिसायचं नाही. एका फळवाल्याने कोपऱ्यावर नवी हातगाडी लावली होती. माझ्या लेखी तो कोपरा रिकामाच होता. व्हॅनचा आरसा हातगाडीच्या छताच्या कापडात अडकला आणि कापड टर्रकन फाटलं. फळवाला लगेच बाजूला झाला म्हणून वाचला. काका म्हणाले, ऊन डोळ्यांवर आलं. आभाळ भरून आलं होतं. घरी आल्यावर त्यांनी मला ओल्या फडक्याने घासघासून पुसलं.

अशात माझी मुदत संपत आली. काकांची मुलगी दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर काम करते. ती म्हणाली, आता कचेरीत हेलपाटे नकोत, सगळं घरबसल्या ऑनलाइन होतं. सुट्टीच्या दुपारी ती जेवणाच्या टेबलाशी मोबाइल घेऊन बसली. नाव, पत्ता, माझा नंबर भरून झाला. मग मोबाइलने चेहरा मागितला. स्क्रीनवर एक वर्तुळ आलं, त्यात चेहरा धरायचा होता.

काकांनी चष्मा काढला, भांग नीट केला आणि मोबाइलसमोर बसले. वर्तुळ लाल झालं. चेहरा सापडत नाही. खिडकीजवळ बसले, दिव्याखाली बसले, तरी तेच.

"हल्ली तुम्ही आरशालाही सापडत नाही, मोबाइलला कुठून सापडणार?" काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

काकांनी गंमत म्हणून मला उचललं आणि मोबाइलसमोर धरलं. वर्तुळ हिरवं झालं. खाली अक्षरं आली, आता डोळे मिटा.

"घ्या," मुलगी हसत म्हणाली. "कार्ड कसं मिटणार डोळे?"

आणि मला अंधार दिसला. आयुष्यातला पहिला अंधार. तो कुठून आला, ते मला आजही सांगता येत नाही. पुन्हा उजेड झाला तेव्हा स्क्रीनवर लिहिलं होतं, ओळख पटली.

मुलीचं हसू तिथेच विरलं. "बाबा, पाहिलंत?"

"काय?"

"फोटोने डोळे मिटले."

"काहीतरीच. पुढचं बटण दाब."

मग तिने मोबाइलची कडेची कळ दाबली. स्क्रीन काळी झाली. "आता काय लिहिलंय ते वाचा बरं," ती म्हणाली.

काका काळ्या काचेवर वाकले आणि न अडखळता वाचू लागले. अर्ज पूर्ण करा. हिरवं बटण दाबा. काकू ओल्या हातांनी दारात आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

"बाबा, फोन बंद आहे."

काका टेबलावरून तळहात फिरवत राहिले, जणू काही सांडलंय. "रस्ता पाठ आहे मला," शेवटी ते म्हणाले.

"मुलं पाठ नसतात, बाबा."

काका हट्टाला पेटले. ओळख पटल्याचं तूच सांगितलंस ना, मग झालं, असं म्हणू लागले. तिने मोबाइल पुन्हा सुरू केला. 'मला स्पष्ट दिसतं' असं लिहिलेला एक चौकोन आला, आणि त्यावर बोट ठेवायला तिने साफ नकार दिला. काकांनी स्वतः अंगठा नेला. तो टेबलावर टेकला, मोबाइलपासून वीतभर लांब. तेवढ्यात मोबाइल आपणहून वाजला. अर्ज मिळाला. मित्रांनो, मी तरी काही केलं नव्हतं. मला बोटं नाहीत.

मुलीने व्हॅनची किल्ली खिळ्यावरून काढून आपल्या पर्समध्ये टाकली. म्हणाली, नवं कार्ड येईपर्यंत व्हॅन बदली ड्रायव्हर चालवेल.

"आणि आलं की?" काकांनी विचारलं.

तिने पर्सची चेन लावली. "आलं की किल्ली तुमची."

काका रोज सकाळी फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे. व्हॅनचा आवाज आला की मान त्या दिशेला वळायची. मुलगी कामाला जाताना पर्स घट्ट धरायची. दिलेला शब्द तिला टोचत होता. त्या व्हॅनमध्ये लोकांची लेकरं होती, आणि काकांना व्हॅनशिवाय दुसरं जग नव्हतं.

पाकीट आलं तेव्हा काकांनी ते स्वतः फोडलं. नवं कार्ड चारी कडांनी चाचपलं आणि विचारलं, "फोटो कसा आलाय?"

काकूंनी बघितलं आणि खुर्चीची पाठ धरली. मुलीने बघितलं. छान आलाय म्हटलं असतं तरी कुणाला कळलं नसतं.

"आजचे तुम्ही आहात, बाबा," ती सावकाश म्हणाली. "पांढऱ्या मिशीचे. असा फोटो आपण कधी काढलेला नाही." मग म्हणाली, "डोळे मिटलेले आहेत."

आता ते चिडतील असं मला वाटलं. त्यांनी फोटोवरून अंगठा फिरवला, झोपलेल्या मुलाच्या पापणीवरून फिरवावा तसा.

"शांत दिसतोय का?"

"हो."

"मग किल्ली राहू दे तुझ्याकडे."

दुसऱ्याच दिवशी मुलगी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. आता चष्मा त्यांच्या नाकावर असतो आणि मिशी पांढरी आहे. मी आणि नवं कार्ड एकाच खणात असतो. ते झोपतं, मी जागा असतो.

मित्रांनो, घरातल्या मोठ्या माणसांची कार्डं जपा, मुदती सांभाळा, ते चांगलंच आहे. पण त्याआधी त्यांच्या डोळ्यांची विचारपूस करा. सगळं दिसतं असं ते म्हणाले, तर हसून सोडून देऊ नका. शेजारी बसा, हातात हात घ्या आणि पुन्हा विचारा. आणि कधी हा खण उघडलात तर मला पालथा घालून ठेवा. मला तो जुना रस्ता अजून दिसतोय, आणि त्यावर तुम्ही कुठेच दिसत नाही.