डाव्या चाकाचे तूप

गाडीचे ब्रेक बिघडले यात मंगरूचा हात नव्हता, हे मला सोमवारी दुपारीच कळले होते. ते कोणाला आणि कसे सांगायचे, हे कळायला मात्र गुरुवार उजाडावा लागला.

साल १९८१. माझ्या लग्नाला चौदा महिने झाले होते. साकोलीपासून चार मैलांवर, हायवेला लागूनच आमचे गाव. सासरे भैय्याजी यांची धानाची गिरणी होती, शेती होती आणि नागपूरच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतलेली पांढरी अँबॅसडर होती. मंगरू अकरा वर्षांपासून आमच्याकडे. आधी बैलांवर, मग ट्रॅक्टरवर आणि शेवटी या गाडीवर. मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. गाडीबरोबर आलेले इंग्रजी पुस्तक मी मंगरूला मराठीत सांगत असे. सासूबाईंना, म्हणजे शकुनबाईंना, याची मोठी मौज वाटे. शेजारच्या सुलोचनाबाईंना त्या सांगत, "आमची सून गाडीले पोथी वाचून दाखवते. पारायण झालं का गाडी बिनापेट्रोलची चालते म्हणते."

पोळा शनिवारी होता. रविवारी, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, भैय्याजी साकोलीला निघाले. गावाबाहेर पडल्यावर समोर एक वासरू आले, मंगरूने ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी उजवीकडे वळली. रस्ता ओलांडून ती थेट चिखलाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरली. समोरून काही येत नव्हते म्हणून बरे. कोणाला लागले नाही. भैय्याजींचे नवे धोतर तेवढे गुडघ्यापर्यंत चिखलाच्या रंगाचे झाले, आणि पोळ्याचे जेवण जिरवत बसलेल्या निम्म्या गावाने ते पाहिले.

"अकरा सालानं तुह्या हाताले उजवा-डावा समजत नाही का गा?" भैय्याजी अंगणात येऊन म्हणाले. "गुरुवारी भंडाऱ्याहून दुसरा ड्रायव्हर येते. तू गिरणीवर जा. पोते मोज. पोते वळत नाहीत."

 मंगरूने मान खाली घालून गाडीवरचा चिखल धुवायला घेतला. गाडी चालवणे ही त्याची नोकरी होती हे खरे, पण त्याहून जास्त म्हणजे ती त्याची गावातली ओळख होती. त्याच्या घराला लोक 'डायवरचं घर' म्हणत.

सोमवारी त्याने पुढचे डावे चाक काढले. मी पुस्तक घेऊन पायरीवर बसले होते.

"सूनबाई, गाडी उजवीकडे वळली म्हणजे उजवा ब्रेक जास्त लागला ना?"

"किंवा डावा लागलाच नाही," मी म्हटले.

ज्यांनी हे कधी उघडून पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते. चाकाबरोबर एक लोखंडी डबा फिरतो, त्याला ड्रम म्हणतात. त्याच्या आत अर्धगोल वाकवलेल्या दोन पट्ट्या समोरासमोर बसवलेल्या असतात. त्या म्हणजे ब्रेक शू. त्यांच्या पाठीवर खरखरीत लाइनिंग चिकटवलेले असते. पायाने ब्रेक दाबला की नळीतले तेल या पट्ट्यांना बाहेर ढकलते, लाइनिंग ड्रमला घासते आणि चाक थांबते. सारा खेळ त्या घासण्याचा. पट्ट्या कितीही जोराने दाबल्या आणि घासणेच झाले नाही, तर चाक आपले फिरत राहते.

मंगरूने ड्रम ओढून काढला आणि तो म्हणाला, "घ्या. तेल गळून राहिलं. सिलिंडर गेलं."

लाइनिंग खरेच चकचकीत होते. पण वरचे सिलिंडर, ज्यातून तेल यायचे, ते अगदी कोरडे होते. त्याचे रबरसुद्धा. मी केसातला आकडा काढून शूच्या कडेला साचलेला थर खरवडला. तो पिवळा होता. नाकाजवळ नेला. करपलेल्या बेरीचा वास आला.

मी भैय्याजींच्या तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेतला आणि त्या थरात कालवला. बोट लाल झाले. हळदीला चुना लागल्यावर काय होते हे सांगायला बी.एस्सी. लागत नाही. मंगरूने माझ्या बोटाकडे पाहिले, मग गोठ्याकडे, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे.

"अरे बाप्पा," तो हळूच म्हणाला, "गाडीची खांद शेकली."

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जुवाखाली घासलेल्या खांद्याला पळसाच्या पानाने तूप आणि हळद लावायची आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण द्यायचे. त्या शुक्रवारी मंगरूने गोठ्याशेजारच्या छपरात गाडीची पुढची दोन्ही चाके साफ करायला उघडली होती. हातात तुपाची वाटी घेऊन सासूबाई तिथून जात होत्या. त्यांनी विचारले होते, "हे काय होय रे?" आणि मंगरूने जेवायला जाता जाता सांगितले होते, "मालकीणबाई, गाडी अडवाचा सारा भार या दोघायवर. घासून घासून जीव जाते याहीचा."

एवढे ऐकल्यावर त्या तशाच कशा जातील?

"पण तू ड्रम चढवताना पाहिले नाहीस?" मी विचारले.

"मालक घाई करत होते, शिंगं रंगवाची होती. अंधारून आलं होतं." मग ड्रम खाली ठेवत तो म्हणाला, "नाही पाहिलं. ते माहीच चूक."

मी उठले. तो आडवा आला. "सूनबाई, मालकाले सांगू नका. बाईनं चांगल्या मनानं केलं. मालक साऱ्या गावात हसू करतीन."

हे खरे होते. नऊ वर्षांपूर्वी सासूबाईंनी तहसीलदारांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातले होते. ती गोष्ट भैय्याजी अजून प्रत्येक पाहुण्याला चहा येण्याच्या आधी सांगत. आता तुपाची गोष्ट हाती लागली तर ती निदान वीस वर्षे पुरली असती.

"मग तू पोती मोजणार?"

"मोजीन."

तो मोजणार नव्हता हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. तो गाव सोडून कुठेतरी ट्रकवर गेला असता.

मला एकच वाट दिसली. सासूबाईंनी स्वतः सांगायचे. पण त्यांनी सांगण्यासाठी आधी त्यांना कळायला हवे होते. त्यांच्या मते त्यांनी गाडीचे भलेच केले होते. आणि चौदा महिन्यांच्या सुनेने सासूसमोर उभे राहून 'हे तुमच्यामुळे झाले' म्हणायचे, याची रीत कुठल्याच पुस्तकात नव्हती. मी ठरवले, प्रयोग करून दाखवायचा. समजणाऱ्याला समजेल.

मंगळवारी मी सांडशीच्या टोकांना तूप लावले आणि भाताचे पातेले उचलले. पातेले निसटले. "पाहा ना आत्याबाई, तूप लागले की पकड राहत नाही," मी म्हटले.

"धुवून घे मग," त्या म्हणाल्या.

बुधवारी मी तुपाच्या हाताने लोणच्याच्या बरणीचे झाकण उघडू लागले. पाच मिनिटे झाली, उघडेना. "घासणेच होत नाही हो. कितीही जोर लावा."

सासूबाईंनी पदराने धरून झाकण एका झटक्यात उघडले आणि बाहेर जाऊन सुलोचनाबाईंना म्हणाल्या, "बी.एस्सी. झाली, पण बरणी उघडणं नाही शिकवलं वो कालेजात."

गुरुवारी सकाळी भंडाऱ्याचा ड्रायव्हर आला. पँट इस्त्रीची, केसांना पाणी. भैय्याजींनी त्याला अंगणात बाजेवर बसवले. मंगरू गाडीची किल्ली घेऊन छपराखाली उभा होता. मी चुलीपाशी चहा टाकला आणि, दुसरे काही सुचेना म्हणून, पुन्हा सांडशीला तूप लावायला घेतले.

सासूबाईंनी माझा हात धरला. "चंद्रकांता, तीन दिवसांपासून तू हे काय करून राहिली? माह्या तुपावर कायले उठली तू?"

मग मी सरळ सांगितले. ब्रेक कसा धरतो, लाइनिंग खरखरीत का असते, तूप त्यात मुरले की काय होते, आणि डावे चाक का धरले नाही. चार वाक्यांत झाले. तीन दिवसांत इतके सोपे वाक्य मला सुचले नव्हते.

त्यांनी माझ्या हातातली सांडशी काढून घेऊन पदराने पुसली. "मंगरूले माहीत हाय?"

"सोमवारपासून."

"अन् तो बोलला नाही?"

"तुमचे नाव घेऊ नका म्हणाला."

त्यांनी चहा कपांत ओतून ट्रे उचलला, डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्या अंगणात गेल्या. नव्या ड्रायव्हरच्या हातात कप दिला. "चहा घे बापू अन् दहाच्या बसनं जा. गाडीले डायवर हाय."

भैय्याजी म्हणाले, "काय झालं?"

"गाडी मंगरूनं नाही, म्या पाडली बांधीत. त्या चाकाच्या पट्ट्यायले म्या तूप लावलं. खांद शेकली."

 भैय्याजींनी मंगरूकडे पाहिले, गाडीकडे पाहिले. मग त्यांच्या मिशीचे एक टोक हलायला लागले. मला भीती वाटत होती तेच.

"गाडीची? खांद?" ते म्हणाले. "अन् आवतणही देलं?"

"देलं."

"जेवाले आली होती का मग?"

"हासा," सासूबाई म्हणाल्या. "पण आधी हे सांगा, तुमच्या गाडीसाठी जो मरमर करते त्याले पोते मोजाले धाडत होते ते कोण? म्या इचारल्याबिगर तूप लावलं. तुम्ही इचारल्याबिगर माणूस काढला. कोणाची गोष्ट आधी सांगाची पाहुण्यायले?"

भैय्याजींची मिशी थांबली. मग त्यांनी विचारले, "दोन्ही चाकं उघडी होती. एकालेच कायले लावलं?"

"तूप सरलं. दुपारी भातावर कोणं घेतलं होतं पाहा."

नवा ड्रायव्हर चहात हसला. भैय्याजींनी त्याच्याकडे असे पाहिले की त्याने उरलेला चहा एका घोटात संपवला आणि तो बस पकडायला गेला.

मुरलेले तूप लाइनिंगमधून पूर्ण निघत नाही. मातीतेलाने, म्हणजे रॉकेलने, धुवा, तापवा, काही उपयोग नाही. शिवाय एका बाजूचे बदलले तर दुसऱ्या बाजूचेही बदलावे लागते, नाहीतर गाडी पुन्हा एकीकडे ओढते. म्हणून मी आणि मंगरू शुक्रवारी बसने भंडाऱ्याला गेलो आणि पुढच्या दोन्ही चाकांचे नवे शू घेऊन आलो. दुकानदाराने बजावून सांगितले, "नवीन लाइनिंग ड्रममध्ये बसेपर्यंत शंभर किलोमीटर जरा हळू चालवा."

शनिवारी भैय्याजी साकोलीला निघाले. मलाही दवाखान्यात काम होते, म्हणून मी मागच्या सीटवर होते. भैय्याजी मंगरूशी तीन दिवसांत धड बोलले नव्हते. काय बोलावे ते त्यांना सुचत नसावे. माफी मागण्याची त्यांना सवय नव्हती. ते मागे न बसता पुढे, मंगरूच्या शेजारी बसले. हे त्यांनी पूर्वी कधी केले नव्हते.

गावाबाहेर पडल्यावरही गाडीचा काटा तिसाच्या वर जाईना. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. त्याच्या कॅरिअरला कोंबडी उलटी टांगलेली होती. तीसुद्धा आमच्याकडे पाहत होती.

भैय्याजी चुळबुळले. "मंगरू, जरा…"

"नवीन लाइनिंग हाय मालक. हळूच चालवा लागते."

"किती दिवस?"

मंगरूने रस्त्यावरून नजर हलवली नाही. "पाचशे किलोमीटर."

भैय्याजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. "सूनबाई, पाचशे?"

मी खिडकीबाहेर पाहत होते. बांध्यांत धान चांगले उभे होते.

"हो मामंजी," मी म्हटले. "निदान पाचशे."